अमाइनचे पीक सुटत नाहीत? आधी कॉलमचं तापमान बघा

बांगडा ताजा आहे का हे आकड्यात सांगायचं तर ट्रायमिथाइलअमाइन मोजावं लागतं, शिळ्या मासळीचा वास येतो ना तो मुख्यतः त्याचाच. पण आयन क्रोमॅटोग्राफीवर (द्रावणातले आयन कॉलम नावाच्या नळीतून वेगवेगळे काढून मोजायची पद्धत) अमाइन आणि बाकीचे कॅटायन (धन भाराचे आयन) यांचे पीक, म्हणजे आलेखावरचे उंचवटे, एकत्र आले की लोक एल्युएंट (कॉलममधून वाहणारं द्रावण) बदलून बदलून दमतात आणि कॉलमच्या ओव्हनच्या तापमानाला कोणी हात लावत नाही. माझं ऐका, आधी तोच हलवून बघा.

बरेच ओव्हन फक्त गरम करतात, थंड नाही करत. म्हणजे तुम्ही ३० लावलंय आणि मे महिन्यात रत्नागिरीतली लॅबच दुपारी ३३ ला गेलीय तर तुमचा कॉलम ३० वर नाहीच. आमच्याकडे लाईट गेली, एसी बंद, आणि सकाळी सुरेख सुटलेले पीक दुपारी सरकले, मी दोन दिवस उगाच कॉलम धुत बसलो. त्यामुळे कोकणात ४० पासूनच सुरुवात करा.

आता स्टँडर्ड मिक्स घ्या, सोडियम, अमोनियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि तिन्ही मिथाइलअमाइन (मिथाइल, डायमिथाइल, ट्रायमिथाइल). मिथेनसल्फोनिक अ‍ॅसिड (हाच एल्युएंट) आणि फ्लो तेच ठेवा, फक्त ४०, ५० आणि कॉलमच्या मॅन्युअलमधे चालत असेल तर ६०. प्रत्येक वेळी बेसलाइन (पीक नसतानाची रेषा) सरळ झाल्याशिवाय इंजेक्शन देऊ नका आणि तीन तीन रन घ्या. प्रेशर उतरलं तर घाबरू नका, लीक नाहीये, ४० ला पाण्याची व्हिस्कॉसिटी (दाटपणा) साधारण ०.६५ मिलिपास्कल-सेकंद असते ती ६० ला ०.४७ होते.

बघायचं काय, तर जोड्या. अमाइनचा तेलकट भाग कॉलममधल्या रेझिनला चिकटतो म्हणून शेपटी निघते, गरम केलं की ती पकड सुटते, पीक लवकर आणि टोकदार येतो. साधे कॅटायन तेवढे हलत नाहीत, कॅल्शियम, मॅग्नेशियम तर कधी उलट्या दिशेनेही जातात. बऱ्याच कॉलमवर मिथाइलअमाइन अमोनियम आणि पोटॅशियमच्या मधे अडकतं आणि डायमिथाइलअमाइन पोटॅशियमला खेटून येतं. माशात पोटॅशियम किलोमागे काही ग्रॅम, त्यामुळे स्टँडर्डमधे सुटलेली जोडी बांगड्याच्या अर्कात गडप होऊ शकते. म्हणून ठरवायचं तापमान खऱ्या सॅम्पलवरच ठरवा, एखाद्या जोडीला ५० बरं पडेल, दुसरीला ४० च.

पीक ज्यावरून मोजतात ती कंडक्टिव्हिटी (विद्युतवाहकता) अंशामागे साधारण २ टक्के बदलते, ती मोजणाऱ्या सेलचं तापमान वेगळं सेट करून तेच ठेवा. सप्रेसरला (मोजण्याआधी एल्युएंटची स्वतःची कंडक्टिव्हिटी कमी करणारा भाग) गरम एल्युएंट सोसत नाही, मधे थोडी ट्यूब ओव्हनबाहेर ठेवून थंड होऊ दे.

अर्क अ‍ॅसिडमधेच काढा हं, अल्कली लागली की ट्रायमिथाइलअमाइन गॅस होऊन उडतं. आणि तापमान बदललं की जुनं कॅलिब्रेशन चालत नाही, नवीन लावा, अमोनियमला सरळ रेषा बसवू नका, सप्रेसरनंतर त्याचा कॅलिब्रेशनचा आलेख वाकतोच.