टोकन द्यायच्या आधी: घर घेताना आम्ही केलेली तयारी

सगळ्यात आधी एक सांगतो, रेरा नंबर (महारेरा या बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेकडचा नोंदणी नंबर) आहे म्हणजे बिल्डिंग क्लिअर आहे हे डोक्यातून काढून टाका. आमच्या कल्याण-डोंबिवलीत 65 इमारती अशा निघाल्या की महारेराचा नंबर होता, पण ज्या परवानगीच्या कागदावर तो मिळवला तो महापालिकेचा कागदच खोटा. नोव्हेंबर 2024 मध्ये हायकोर्टाने त्या पाडायचा आदेश दिला. त्यात राहणाऱ्यांनी रजिस्ट्रेशन केलेलं, स्टॅम्प ड्युटी भरलेली, कितीतरी जणांना बँकेचं लोनसुद्धा मिळालेलं, म्हणजे माणसाने अजून काय करायचं होतं? हाच प्रश्न डोक्यात घेऊन आम्ही दीड वर्ष घर बघितलं आणि त्यातून ही यादी झाली, कोणाला उपयोग झाला तर बरंच आहे.

सुरुवात फ्लॅट बघण्यापासून करू नका, पैशांपासून करा. समजा 60 लाखांचा फ्लॅट आहे, बांधकाम चालू आहे. बँक त्याच्या 80 टक्केच देणार म्हणजे 48 लाख, आणि स्टॅम्प ड्युटी वगैरे त्यात धरत नाहीत. म्हणजे 12 लाख तुमचे, वर ठाणे-पुण्याकडे स्टॅम्प ड्युटी 7 टक्के म्हणजे 4 लाख 20 हजार (फक्त बाईच्या नावावर घेतलं तर 1 टक्का सवलत मिळते, घरात बोलून ठरवा), रजिस्ट्रेशनचे 30 हजार, जीएसटी 5 टक्के म्हणजे 3 लाख. झाले साडेएकोणीस लाख आणि अजून सोसायटीचं डिपॉझिट, वकील, ग्रिल, किचन ट्रॉली काहीच धरलेलं नाही. ओसी (इमारतीत राहायला जायची महापालिकेची परवानगी) आलेल्या तयार घराला जीएसटी लागत नाही, त्यामुळे तयार घर थोडं महाग वाटलं तरी हिशोब कागदावर मांडून बघा. 50 लाख किंवा वर किंमत असेल तर 1 टक्का टीडीएस (विकणाऱ्याच्या पैशातून कापायचा कर) कापून तुम्हीच सरकारकडे भरायचा असतो, हे पुष्कळांना नोटीस आल्यावर कळतं.

ईएमआयचं पण तसंच. 48 लाख, 20 वर्षं, साडेआठ टक्क्याने 41,600 च्या आसपास हप्ता येतो, साडेनऊ झाला की 44,700. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 मध्ये रेपो रेट (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर) 4 वरून साडेसहावर गेला तेव्हा पुष्कळांचा हप्ता तोच राहिला पण लोनची वर्षं वाढली, आणि त्यांनी स्टेटमेंट उघडून बघितलंच नव्हतं. म्हणून वाढलेल्या हप्त्यावर घर चालतंय का ते बघा, आणि सहा महिन्यांचे हप्ते बाजूला ठेवल्याशिवाय साइटवर जाऊच नका, कारण सॅम्पल फ्लॅट बघितला की माणूस हिशोब विसरतो, आम्ही दोघंही विसरलो होतो एकदा.

आता कागद. महारेराच्या साइटवर प्रोजेक्ट उघडा, पझेशनची तारीख किती वेळा पुढे ढकलली, किती फ्लॅट विकले, जमिनीवर कर्ज आहे का, कोर्टात केस आहे का, तक्रारी किती, सगळं तिथे असतं. मग तिथलं सीसी, म्हणजे बांधकाम सुरू करायची महापालिकेची परवानगी, डाउनलोड करा आणि त्याचा नंबर घेऊन स्वतः महापालिकेच्या नगररचना विभागात जा. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण त्या 65 इमारतींचा घोळ नेमका इथेच होता. रांग लागते, साहेब जागेवर नसतात, माहितीच्या अधिकारात अर्ज करावा लागला तरी करा, पण हा नंबर आमच्याच रजिस्टरमधला आहे एवढं महापालिकेकडून कळल्याशिवाय टोकन नाही म्हणजे नाही. एजंट म्हणेल ऑफर रविवारपर्यंतच आहे, जाऊ द्या ती ऑफर.

त्याच ऑफिसात झोन दाखला, म्हणजे ती जमीन कशासाठी राखलेली आहे ते सांगणारा कागद, पण मागा. नालासोपाऱ्यात 41 इमारती 2025 च्या सुरुवातीपर्यंत पाडून झाल्या, ती जमीन डम्पिंग ग्राउंड आणि सांडपाणी प्रकल्पासाठी आरक्षित होती. आरक्षण विकास आराखड्यात लिहिलेलं असतं, तिथे राहणाऱ्यांना कोणी दाखवलं नव्हतं. सातबारा आणि फेरफार (मालकी बदलल्याच्या नोंदी) ऑनलाइन मिळतात, त्यावर बिल्डरचं नाव नसेल तर मालकाने त्याला डेव्हलपमेंटचे हक्क कुठल्या कागदाने दिले ते मागा आणि तो कागद रजिस्टर आहे का बघा. आणि वकील आपला करा, बिल्डरने सुचवलेला नको, बँकेचा वकील बँकेचं बघतो. 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट (जमिनीचे आधीचे व्यवहार आणि बोजे तपासलेला अहवाल) काढायला सांगा, घराच्या किमतीपुढे ती फी काहीच नाही.

रिसेल असेल तर ओसी, आधीच्या सगळ्या अ‍ॅग्रीमेंटची साखळी, शेअर सर्टिफिकेट, सोसायटीचं नो ड्यूज, मालकाचं लोन शिल्लक आहे का, आणि कन्व्हेयन्स (जमीन सोसायटीच्या नावावर होणं) झालंय का. कन्व्हेयन्स नसेल तर जमीन अजून बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्या नावावर आहे, पुढे रिडेव्हलपमेंटच्या वेळी तिथेच अडतं.

माझ्या मावसभावाची गोष्ट सांगतो. त्याने बुकिंगला 20 टक्के देऊन टाकले, पावती मिळाली साधी, अ‍ॅग्रीमेंट पुढच्या महिन्यात करू पुढच्या महिन्यात करू म्हणत वर्ष गेलं, आणि काम दोन स्लॅबवर थांबलं. भाडं चालू, घेतलेल्या पर्सनल लोनचा हप्ता चालू, मुलाची शाळा बदलायची म्हणून ठरवलेलं ते पण राहिलं. वहिनी दोन वर्षं हसताना बघितली नाही मी. कायदा स्पष्ट आहे, अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर केल्याशिवाय 10 टक्क्यांपेक्षा जास्त बिल्डर घेऊच शकत नाही, पण त्याला तेव्हा हे सांगणारं कोणी नव्हतं आणि मलाही माहीत नव्हतं, याचं वाईट वाटतं.

अ‍ॅग्रीमेंटमध्ये चार गोष्टी पेन घेऊन वाचा. कार्पेट एरिया, ज्यात आतल्या भिंती धरतात पण बाल्कनी नाही. पझेशनची तारीख, आणि उशीर झाला तर व्याज किती. पैसे कुठल्या स्लॅबला किती. आणि पार्किंग नंबरसकट लिहिलंय का, ओपन पार्किंग बिल्डरला विकता येत नाही असं सुप्रीम कोर्टाने 2010 मध्येच सांगितलंय तरी अजून त्याचे दोन-तीन लाख मागतात. तोंडी कबूल केलेलं जिम, गार्डन, काहीही असो, लिहून नसेल तर नाही असंच समजा.

साइटवर रविवारी दुपारी सगळेच जातात, तुम्ही जुलैच्या पावसात जा, आणि एकदा सकाळी आठला तिथून रिक्षा पकडून स्टेशनला जाऊन लोकलमध्ये चढून बघा. शेजारच्या बिल्डिंगच्या वॉचमनला विचारा टँकर रोज किती येतात, मे महिन्यात किती. आम्ही एक फ्लॅट मनापासून आवडलेला एवढ्यावर सोडला.

सगळं जुळून चावी मिळायची वेळ आली तरी घाई नको. पझेशन लेटरवर सही करायच्या आधी एक बादली, मोबाइल चार्जर आणि एक गोटी घेऊन जा, बाथरूममध्ये पाणी ओतून जाळीकडे जातं का, प्रत्येक प्लगला करंट आहे का, गोटी बाल्कनीतून हॉलकडे घरंगळते का. जे चुकीचं दिसेल त्याचे फोटो आणि लेखी यादी, बिल्डरच्या माणसाची सही घेऊन एक कॉपी आपल्याकडे. बांधकामातला दोष पझेशनपासून 5 वर्षांच्या आत दाखवला तर बिल्डरने फुकट दुरुस्त करायचा असतो, म्हणून पहिल्या पावसाळ्यात भिंतीला ओल आली की गप्प न बसता त्याच दिवशी मेल टाका.