बर्निनाला निघताना

स्वित्झर्लंडला आमच्याकडे येणारे पाहुणे बहुतेक मे महिन्यात येतात, कारण मुलांना सुट्टी तेव्हाच असते. म्हणून आधी हेच सांगते: आल्प्समधल्या बर्निना खिंडीत मे महिन्यात उन्हाळा नसतो. सेंट मॉरिट्झहून इटलीतल्या तिरानोला जाणारी रेल्वे ही खिंड ओलांडते. खाली तिरानोत लोक अर्ध्या बाह्यांच्या शर्टात आइस्क्रीम खात असतात, आणि त्याच रुळांवर वर ओस्पित्सियो बर्निना स्थानकाभोवती बर्फ साचलेला असतो. तिरानो 429 मीटरवर, ओस्पित्सियो 2253 मीटरवर. कळसूबाईच्या माथ्यावर आणखी सहाशे मीटर चढा, तेव्हा ते स्थानक येईल. तेव्हा पिशवी भरताना आपल्या खिडकीबाहेरचं ऊन बघू नका. मेटिओस्विसच्या, म्हणजे इथल्या हवामान खात्याच्या, ॲपवर ओस्पित्सियोचं तापमान बघा आणि त्याप्रमाणे भरा.

तिकिटाचं आधी उरकून घ्या. काचेच्या छताची बर्निना एक्सप्रेस हवी तर आसन आरक्षित करावंच लागतं आणि त्याचे पैसे वेगळे. साध्या लाल गाडीला आरक्षण लागत नाही. ती त्याच रुळांवरून, त्याच तळ्याकाठून जाते, आणि वाटेत कुठेही उतरून मागच्या गाडीने पुढे जाता येतं. मी नेहमी साधीच घेते. सेंट मॉरिट्झहून तिरानोकडे जाताना उजवीकडे बसा. मोर्तेराच हिमनदी, लागो बियांको तळं आणि ब्रुसिओचा नऊ कमानींचा गोल पूल, सगळं त्याच बाजूला आहे. मुलांना आधी एक गंमत सांगून ठेवा. आपल्या बोरघाटात 37 मीटरला 1 मीटर चढ आहे आणि त्यासाठी कर्जतला मागून बँकर इंजिनं लागतात. इथे 14 मीटरला 1 मीटर चढ आहे, आणि 1910 पासून गाडी तो दातेरी रुळांशिवाय चढते. मग मुलं मोबाइल सोडून खिडकीला नाक लावतात.

पासपोर्ट घ्या, कारण तिरानो इटलीत आहे. फ्रँकबरोबर थोडे युरो असू द्या. गॉगल आणि सनस्क्रीन चारही ऋतूंत लागतात. ताजा बर्फ ऐंशी टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो, त्यामुळे हनुवटीखालीही लावा. खायला तिखटमिठाच्या पुऱ्या किंवा दशम्या न्या, वर फारसं काही मिळत नाही. तिरानोत पोचल्यावर मात्र पित्सोकेरी खाऊन बघाच: कुट्टूच्या पिठाच्या पट्ट्या, बटाटा, कोबी, भरपूर चीज आणि लोणी.

वसंतात, म्हणजे एप्रिल-मे-जूनमध्ये, मुख्य तयारी पायांची. बर्फ वितळत असतो, वाटा चिखलाने आणि ओल्या बर्फाने भरलेल्या असतात. पाणी आत न जाणारे बूट, मोज्यांचे दोन जोड जास्तीचे, आणि जीन्स नकोच. ती एकदा भिजली की दिवसभर वाळत नाही. माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा मी हे सगळं सांगायला विसरले. साडीवर स्वेटर आणि पायात कॅनव्हासचे बूट घालून ती वर उतरली आणि दहा मिनिटांत तिचे पाय बधिर झाले. तेव्हापासून पाहुण्यांचे बूट मी स्वतः तपासते. आणखी एक: या दिवसांत बरीच हॉटेलं आणि केबलवे हंगामांच्या मधल्या सुट्टीसाठी बंद असतात. आधी चौकशी करून निघा, आणि निळ्याशार तळ्याची अपेक्षा ठेवू नका. लागो बियांको धरणाचं तळं आहे. हिवाळाभर पाणी वापरलेलं असतं, त्यामुळे काठ करडे आणि उघडे दिसतात.

उन्हाळ्याला सगळ्यात कमी सामान लागतं. एक विंडचीटर, एक पावसाचं जाकीट, पाण्याची बाटली. ओस्पित्सियोला उतरून लागो बियांकोच्या काठाने पुढच्या आल्प ग्रुम स्थानकापर्यंत चालत जा. निवांत चाललात तर दीड-दोन तास. तिथे मोटारीचा रस्ताच नाही, रेल्वेने नाहीतर पायीच पोचावं लागतं, त्यामुळे शांतता आहे. लागो बियांकोच्या उत्तर टोकाशी लेय नायर नावाचं छोटं काळं तळं आहे. तिथलं पाणी इन नदीतून डॅन्यूबला आणि पुढे काळ्या समुद्राला मिळतं. शेजारच्या पांढुरक्या लागो बियांकोचं आड्डा आणि पो नद्यांतून एड्रियाटिकला. दोन तळ्यांच्या मधोमध उभं राहायला मला अजूनही दर वेळी तितकंच आवडतं. दुपारी गडगडाट व्हायच्या आत खाली या. वासरांसोबतच्या गायींपासून लांबून जा. काही गाड्यांना उन्हाळ्यात छप्पर नसलेले पिवळे डबे लावतात, त्यांत बसणार असाल तर कानटोपी आणि चष्म्याची दोरी हवीच.

शरदात एकच गोष्ट सांभाळायची: तारीख. लार्च हा सुया गाळणारा वृक्ष. ऑक्टोबरच्या मध्याला मोर्तेराचच्या आसपासची सगळी राई सोन्यासारखी पिवळी होते आणि एका वादळी रात्रीत उतरूनही जाते. जमलं तर हॉटेल रद्द करता येईल असंच घ्या. मोर्तेराच स्थानकावर उतरून हिमनदीकडे चालत जा. वाटेत पाट्या आहेत, कोणत्या वर्षी बर्फ कुठपर्यंत होता ते सांगणाऱ्या. प्रत्येक पाटीपाशी थांबा. मागच्या पाटीपासून किती चालत आलो ते मोजत गेलं की पोटात कालवतं. ही वाट मुलांना दाखवायलाच हवी.

हिवाळ्याची यादी मोठी. अंगावर तीन थर: आत लोकरीचं थर्मल, मध्ये फ्लीस, वर वारा अडवणारं जाकीट. हातमोज्यांचे दोन जोड, कान पूर्ण झाकणारी टोपी, बुटांवर चढवायचे काटे. आदल्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता दावोसच्या हिम-संशोधन संस्थेचं हिमस्खलनाचं पत्रक येतं. धोक्याच्या पाच पायऱ्या असतात. चालायचं ते गुलाबी पाट्यांच्या हिवाळी वाटांवरच, तेही त्या उघड्या असतील तर. गोठलेल्या तळ्यावर लांब कोणी पतंगाला लटकून स्की करताना दिसेल, म्हणून आपणही उतरायचं नाही. खालचं पाणी उपसलेलं असतं आणि काठाशी बर्फ पोकळ असू शकतो. मोटारीने येणार असाल तर रस्ता सुरू आहे ना ते सकाळी बघा, वादळात तो बंद करतात. आणीबाणीत रेगाच्या हेलिकॉप्टर पथकाचा क्रमांक 1414.

थर्मासमध्ये आल्याचा चहा घ्या. परतीच्या गाडीची वेळ कागदावर लिहून आतल्या खिशात ठेवा, कारण त्या थंडीत फोन मान टाकतो.