ब्राउझर तुम्ही निवडलेला, लिंक भलतीकडेच उघडते? असं करा

जून लागला की आमच्याकडे दोन कामं एकदमच डोक्यावर येतात. वावरात पेरणी आणि दुकानात फॉर्म. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन कामाचं दुकान आहे. मागच्या जूनमध्ये बारावी झालेली एक पोरगी बाबाला घेऊन आली. शिष्यवृत्तीचा फॉर्म तिनं घरी मोबाइलवर तीनदा भरला होता आणि तिन्ही वेळा ओटीपीपाशी घोडं अडलं होतं.

"ओटीपी पाहाले मेसेजमंदी गेली का वापस येऊस्तोर पानच गायब होते जी."

"वेबसाइटच बोगस हाये," बाबांनी निकाल देऊन टाकला.

वेबसाइट ठीक होती. लिंक मैत्रिणींच्या ग्रुपवर आली होती, आणि ज्या ॲपवर आली त्या ॲपनं ती आपल्याच पोटात उघडली होती. फोनमध्ये तिनं स्वतः निवडलेला ब्राउझर होता, त्यात तिचं लॉगिन होतं, पासवर्ड जपून ठेवलेले होते. त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

लिंक नेहमी ज्या ब्राउझरात उघडायची म्हणून तुम्ही सांगून ठेवता, तो डिफॉल्ट ब्राउझर. तो ठरवणं म्हणजे गाडीवानाला सांगून ठेवणं, की कापूस अमुक जिनिंगवर न्यायचा. बंडी तुमची, कापूस तुमचा. पण एखादा गाडीवान मधेच बंडी वळवून आपल्या सोयऱ्याच्या काट्यावर नेऊन उभी करतो. सॉफ्टवेअरही हेच करतं, फक्त वळवायच्या वाटा निरनिराळ्या आहेत. कोणत्या वाटेनं वळवलं हे कळलं नाही, तर सेटिंगमध्ये तोच ब्राउझर दहादा निवडूनही काही फरक पडत नाही. म्हणून आधी तपासणी, मग दुरुस्ती.

पायरी १: वही घ्या

कुठल्याही बातमीची एक लिंक घ्या. ती स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवा, ईमेलवर पाठवा, टेलिग्राम असेल तर तिथंही ठेवा. फेसबुक, इन्स्टाग्राम वापरत असाल तर तिथली एखादी बाहेरची लिंक शोधा. आता एकेक उघडा आणि कोणत्या ॲपमधून कुठं उघडली ते वहीवर लिहून ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे, पण पुढचा तासभर वाचतो.

कुठं उघडली हे ओळखायचं कसं? खरा ब्राउझर उघडला असेल तर वर किंवा खाली पत्त्याची पट्टी दिसते, तिच्यात बोट ठेवून दुसरा पत्ता लिहिता येतो, आणि किती टॅब उघडे आहेत तो आकडा चौकोनात दिसतो. ॲपच्या पोटातली खिडकी असेल तर कोपऱ्यात फुली असते, पत्ता दिसला तरी बदलता येत नाही आणि टॅबचा आकडा नसतो.

एक गोष्ट या तक्रारीत धरू नका. यूट्यूबची लिंक यूट्यूबच्या ॲपमध्ये उघडली, तर ते ब्राउझरला डावलणं नव्हे. त्या पत्त्यासाठी फोननं त्या ॲपला परवानगी दिलेली असते. नको असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये त्या ॲपच्या नावावर जाऊन 'ओपन बाय डिफॉल्ट' बंद करा, झालं.

पायरी २: फोनला निरोप नीट द्या

अँड्रॉइडवर सेटिंग्ज, मग ॲप्स, मग डिफॉल्ट ॲप्स, मग ब्राउझर ॲप. कंपनीप्रमाणे नावं थोडी इकडेतिकडे होतात. सापडलं नाही तर सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत 'डिफॉल्ट' लिहा. आयफोनवाल्यांना ही सोय २०२० साली आयओएस १४ पासून मिळाली. आमच्या गावात आयफोन बोटावर मोजण्याएवढे, त्यामुळे पुढं अँड्रॉइडचंच सांगतो.

पायरी ३: पोटातल्या खिडक्या बंद करा

इथं जरा थांबून समजून घ्या, कारण सगळी गफलत इथंच होते. पोटातल्या खिडक्या दोन जातीच्या असतात.

पहिली जात 'कस्टम टॅब'. दिसायला ॲपच्या आत, पण चालवतो तुमचाच डिफॉल्ट ब्राउझर. तुमचं लॉगिन तिथं असतं, साठवलेले पासवर्ड भरले जातात. ही पाहुणी म्हणून चालेल.

दुसरी जात 'वेबव्ह्यू'. ही खिडकी पूर्णपणे त्या ॲपची. तुमच्या ब्राउझरातलं लॉगिन तिथं नाही, इतिहास तिथं नाही, आणि पान कसं दाखवायचं हे ॲप ठरवतं. ऑगस्ट २०२२ मध्ये फेलिक्स क्राउझे या संशोधकानं दाखवून दिलं, की आयफोनवरची फेसबुक आणि इन्स्टाग्रामची ॲप्स आपल्या आतल्या ब्राउझरमध्ये उघडलेल्या दुसऱ्यांच्या वेबसाइटमध्येही स्वतःचा कोड घालतात. ट्रॅकिंगबाबत वापरणाऱ्यानं जे ठरवलं ते पाळण्यासाठीच हा कोड आहे, असं मेटा कंपनीचं म्हणणं होतं. असेलही. पण बँकेचा पासवर्ड मी तरी अशा खिडकीत टाकणार नाही.

गूगलसुद्धा अशा खिडकीत आपल्या खात्याचं लॉगिन होऊ देत नाही. 'साइन इन विथ गूगल' दाबल्यावर ४०३ असा आकडा आणि 'डिसअलाउड युजरएजंट' असे शब्द आले, तर पासवर्ड चुकला म्हणून कपाळ बडवून घेऊ नका. फक्त लिंक बाहेरच्या ब्राउझरात उघडा.

आता बंद कुठं करायच्या ते. जीमेलमध्ये तीन आडव्या रेघा, सेटिंग्ज, जनरल सेटिंग्ज, आणि तिथं 'ओपन वेब लिंक्स इन जीमेल' या ओळीपुढची खूण काढा. फोनवरच्या गूगल ॲपमध्येही सेटिंग्जच्या जनरलमध्ये पानं ॲपमध्येच उघडण्याची अशीच ओळ आहे, तीही बंद करा. टेलिग्रामला चॅट सेटिंग्जमध्ये 'इन-ॲप ब्राउझर' आहे. फेसबुकच्या सेटिंग्जमध्ये लिंक बाहेर उघडण्याचं बटण आहे, मात्र ते ज्या मेनूत असतं त्याची जागा बदलत राहते, तेव्हा शोधपट्टी वापरा. इन्स्टाग्रामवर मी सरळ उघडलेल्या पानाच्या कोपऱ्यातले तीन ठिपके दाबतो आणि बाहेरच्या ब्राउझरात उघडायला सांगतो. दरवेळी करावं लागतं, कंटाळा येतो, पण होतं.

यातलं काहीच सापडलं नाही तर गावठी उपाय आहेच. लिंकवर बोट दाबून धरा, कॉपी करा, आपला ब्राउझर उघडा, चिकटवा. त्या पोरीला मी हेच शिकवलं. ओटीपी पाहून परत आली तेव्हा पान जिथल्या तिथं होतं. बाबा म्हणाले, "येवढंच होतं तं आधी काऊन नाही सांगतलं कोनी?"

काही स्वस्त फोनांत होम स्क्रीन उजवीकडे सरकवली की बातम्यांची रांग येते आणि त्यातली बातमी कंपनीच्याच ब्राउझरात उघडते. तिथं तुमची निवड चालत नाही. ती रांगच बंद करून टाका, डेटाही वाचेल.

पायरी ४: कॉम्प्युटरवर

ग्रामपंचायत, शाळा, माझ्यासारखी दुकानं, सगळीकडे विंडोजच. विंडोज ११ ऑक्टोबर २०२१ मध्ये आलं तेव्हा दुसरा ब्राउझर डिफॉल्ट करायला एकेका फाइलप्रकारासाठी वेगळी निवड करावी लागत होती. ओरड झाली आणि २०२२ च्या मार्चमधल्या अपडेटनं एका बटणावर काम आलं. सेटिंग्ज, ॲप्स, डिफॉल्ट ॲप्स, तुमच्या ब्राउझरचं नाव, आणि वरचं 'सेट डिफॉल्ट' बटण.

पण या बटणावर विसंबून उठू नका. पीडीएफ बरेचदा मागेच राहते. सातबारा डाउनलोड करून उघडला की तो एजमध्ये, म्हणजे विंडोजसोबतच येणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरात, उघडतो आणि लोकांना वाटतं, सेटिंग उडालं. त्याच डिफॉल्ट ॲप्सच्या पानावर शोधचौकटीत पीडीएफचं शेपूट टिंबासह लिहा आणि हवं ते ॲप निवडा.

एवढं करूनही स्टार्ट मेनूत काही शोधलं आणि इंटरनेटवरचा निकाल दाबला, तर उघडतो तो एजच. हवामान-बातम्यांच्या विजेट्सचंही तसंच. यात तुमची चूक नाही. साधी लिंक 'एचटीटीपीएस' अशी सुरू होते आणि डिफॉल्टची निवड तिलाच लागू असते. विंडोज या ठिकाणी लिंकच्या पुढं 'मायक्रोसॉफ्ट-एज' असं स्वतःचं नाव लावून पाठवतं, म्हणजे पावतीवर आधीच सोयऱ्याचं नाव लिहिलेलं. डॅनियल अलेक्झांडरसन या प्रोग्रामरनं २०१७ मध्ये 'एजडिफ्लेक्टर' नावाचं छोटं सॉफ्टवेअर काढून ही पावती बदलायची सोय केली होती. २०२१ च्या शेवटी विंडोजनं तो रस्ताही बुजवला. त्यानंतर तेच काम करणारं 'एमएसएजरिडायरेक्ट' आलं. जाणकार माणूस घरच्या कॉम्प्युटरवर ते वापरू शकतो. माझ्या दुकानात लोकांचे आधार आणि बँकेची कागदपत्रं असतात, म्हणून मी असली मधली सॉफ्टवेअरं ठेवत नाही. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगांच्या नोंदवहीत, हात घालायलाही सांगणार नाही.

मग मी काय केलं? टास्कबारवर उजवं बटण दाबून टास्कबार सेटिंग्जमध्ये विजेट्स बंद केले. ब्राउझरचं चिन्ह टास्कबारवर पिन केलं. आणि दुकानातल्या पोट्ट्याला ताकीद दिली, की स्टार्टमध्ये फक्त फाइल आणि प्रोग्राम शोधायचे, वेबसाइट नाही. सवय लागायला आठवडा गेला.

चीड येते ती पुढच्या गोष्टीची. युरोपात मोठ्या टेक कंपन्यांना लगाम घालणारा डिजिटल मार्केट्स ॲक्ट हा कायदा आला, म्हणून तिथल्या विंडोजमध्ये याच लिंका डिफॉल्ट ब्राउझरात उघडतात. तेच विंडोज, तेच बटण. पॅरिसमध्ये ऐकतं, पुसदमध्ये ऐकत नाही. म्हणजे जमत नाही असं मुळीच नाही. युरोपनं याआधी २०१३ मध्येही, विंडोजमध्ये 'कोणता ब्राउझर हवा' असं विचारणारा पडदा दाखवला नाही म्हणून मायक्रोसॉफ्टला ५६.१ कोटी युरोचा दंड केला होता. आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगानं ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, पण तो अँड्रॉइडबद्दलचा मामला होता. विंडोजच्या या वाटेशी त्याचा संबंध नाही.

आउटलुक वापरणाऱ्या शिक्षकांसाठी एक ओळ: जुन्या आउटलुकमध्ये फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड इथं लिंका कशात उघडायच्या ते विचारलेलं असतं, तिथं 'डिफॉल्ट ब्राउझर' निवडा. टीम्सच्या सेटिंग्जमध्ये 'फाइल्स अँड लिंक्स' पाहा.

पायरी ५: पुन्हा पुन्हा विचारणारा पडदा

अपडेटनंतर कधीकधी पूर्ण पडदाभर 'सेटअप पूर्ण करू या' असं काहीतरी येतं आणि त्यात शिफारस केलेला ब्राउझर ठेवायचा मोठा निळा पर्याय असतो. घाईत 'नेक्स्ट, नेक्स्ट' केलं की निवड गेली. तो पडदा येऊच नये म्हणून सेटिंग्ज, सिस्टम, नोटिफिकेशन्स, सगळ्यात खाली 'ॲडिशनल सेटिंग्ज', आणि तिथल्या सुचवण्या देणाऱ्या सगळ्या खुणा काढा.

एज चुकून उघडलाच तर त्याच्या सेटिंगमध्ये दुसऱ्या ब्राउझरातला डेटा प्रत्येक वेळी उघडताना आणायचा, असा एक पर्याय असतो. तो बंद आहे ना, हे पाहून घ्या. दुकानाच्या कॉम्प्युटरवर तर नक्कीच.

एज काढून मात्र टाकू नका. इंटरनेट एक्सप्लोरर १५ जून २०२२ ला निवृत्त झाला, आणि त्याच्यावरच चालणारी जुनी कार्यालयीन पानं आता एजच्या आयई (इंटरनेट एक्सप्लोरर) मोडमध्ये उघडावी लागतात. त्याच्याशी भांडण नाही. बोलावल्यावर यावं, एवढंच म्हणणं.

विंडोजचं मोठं अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतं, ते आपल्याकडे रात्री उशिरा येऊन पडतं. दुसऱ्या दिवशी आमच्या गावचा आठवडी बाजार, दुकानात पाय ठेवायला जागा नसते आणि लाइन कधी जाईल याचा नेम नसतो. म्हणून मी सोमवारीच विंडोज अपडेटमध्ये जाऊन एक आठवड्यासाठी 'पॉज' दाबतो. गर्दी ओसरली की निवांत सकाळी अपडेट घेतो आणि पहिल्या पायरीची ती वही परत काढतो.