वर्डप्रेसला नावं ठेवण्याआधी या चुका टाळा

"वर्डप्रेस नको, ते लगेच हॅक होतं." वर्डप्रेस म्हणजे साईट बनवायचं आणि चालवायचं सॉफ्टवेअर. संस्थेची किंवा दुकानाची साईट करायची म्हटलं की हे हमखास ऐकू येतं. उलट "अर्धं जग तेच वापरतं, डोळे झाकून घ्या" असं सांगणारेही भेटतात. दोन्ही सल्ले महागात पडतात.

मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी २००३ मध्ये आणलेल्या या मोफत सॉफ्टवेअरवर आज जगातल्या दर १० पैकी सुमारे ४ साईट्स चालतात. त्यामुळे एक फट सापडली की हल्लेखोरांना लाखो साईट्स एकदम मिळतात. २०१७ मध्ये ४.७ आणि ४.७.१ या आवृत्त्यांत तशी फट निघाली. दुरुस्त केलेली ४.७.२ जानेवारीतच आली होती. तरी फेब्रुवारीत असंख्य पानांवरचा मजकूर बदलला गेला, तो अपडेट न केलेल्या साईट्सवर. बदनामी मात्र वर्डप्रेसची झाली.

सगळ्यात वाईट सवय म्हणजे पैसे देऊन घ्यायची थीम (साईटचं रूप ठरवणारी) किंवा प्लगइन (साईटला जादा सोयी देणारा जोड) कुठून तरी फुकट उतरवून घेणं. अशा फाइलींत चोरदरवाजा असू शकतो आणि त्यांना अधिकृत अपडेटही मिळत नाहीत. हे कृपा करून करूच नका. मोफत प्लगइन घेतानाही ते शेवटचं कधी अपडेट झालं ते पाहा. दोन-तीन वर्षं कोणी हात लावला नसेल तर दुसरं शोधा.

अपडेटच्या भीतीने अपडेटच न करणं ही दुसरी चूक. आधी बॅकअप घ्या, मग करा. तरी साईट पांढरी पडलीच, म्हणजे नुसतं कोरं पान दिसलं, तर घाबरू नका. आवृत्ती ५.२ पासून अशा वेळी अ‍ॅडमिनच्या ईमेलवर रिकव्हरी मोडची, म्हणजे दुरुस्तीसाठी आत शिरायची, लिंक येते. मेल आला नाही, तर होस्टिंगच्या (साईट जिथे ठेवलेली असते त्या भाड्याच्या जागेच्या) फाइल मॅनेजरमध्ये जाऊन प्लगइन्सच्या फोल्डरचं नाव बदला. लॉगिन करून प्लगइन्सचं पान एकदा उघडा, म्हणजे सगळी प्लगइन्स बंद होतील. मग फोल्डरला जुनं नाव द्या आणि एकेक प्लगइन चालू करत जा. ज्याच्यापाशी साईट पुन्हा कोसळेल, दोष त्याचा.

मराठी साईट्सवर एक अडचण सर्रास दिसते आणि तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. शीर्षक मराठीत दिलं की लेखाचा पत्ताही त्यावरूनच बनतो. पण पत्त्याला २०० जागांची मर्यादा आहे आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, अगदी काना, वेलांटी, हलन्तसुद्धा, ९ जागा खातं. "महाराष्ट्रातील गडकिल्ल्यांची स्वच्छता मोहीम" या शीर्षकाचा पत्ता "महाराष्ट्रातील-गडकिल्ल्" इथेच तुटतो. शिवाय ती लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली की टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक रांग दिसू शकते. प्रकाशित करण्याआधी पर्मालिंक, म्हणजे हा पत्ता, हाताने छोटा करा. रोमन अक्षरांत दिला तरी चालेल.

डोमेन (साईटचं इंटरनेटवरचं नाव) आणि होस्टिंग स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घ्या. साईट करून देणारा फोन उचलेनासा झाला की दोष सॉफ्टवेअरला देऊन उपयोग नसतो.

आणि "वर्डप्रेस एवढं मोठं आहे, त्याला काय होणार" असं धरून चालू नका. २०२४ मध्ये मुलेनवेग आणि डब्ल्यूपी इंजिन ही होस्टिंग कंपनी यांच्यात वाद पेटला, आणि सप्टेंबरमध्ये त्या कंपनीकडच्या साईट्सना वर्डप्रेस डॉट ऑर्ग या मुलेनवेग यांच्या ताब्यातल्या साईटवरून मिळणारे अपडेट बंद झाले. डिसेंबरमध्ये अमेरिकी न्यायालयाला तो मार्ग खुला करण्याचा आदेश द्यावा लागला. भांडण दोघांचं आणि त्रास तिसऱ्याला, हे मला पटलेलं नाही. जीपीएल या कोणालाही वापरायची आणि बदलायची मुभा देणाऱ्या परवान्यामुळे सॉफ्टवेअर तुमच्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही, पण अपडेटची वाट अशी अडू शकते. म्हणून फाइली आणि डेटाबेस या दोन्हींची प्रत दर महिन्याला होस्टिंगबाहेर, आपल्या संगणकावर उतरवून ठेवा. नुसत्या फाइली घेतल्या तर लेख त्यात नसतात. ते डेटाबेसात असतात.