नर्तक ते नृत्यरचनाकार : नाशिकमध्ये पहिली रचना बसवताना

बॅले नर्तकाची रंगमंचावरील कारकीर्द फार लांब नसते. पस्तिशी ओलांडली की गुडघे, घोटे आणि कंबर तक्रार करू लागतात, आणि पुढे काय हा प्रश्न उभा राहतो. नाशिकमध्ये मुंबई-पुण्याला जाऊन बॅले शिकलेले आणि आता येथे वर्ग घेणारे जे मोजके नर्तक आहेत, त्यांच्यासाठी, तसेच कथक किंवा भरतनाट्यम करून समूहरचनेकडे वळू पाहणाऱ्यांसाठी हे मार्गदर्शन आहे. माझे मत स्पष्ट आहे : रचनेची सुरुवात नाचणे थांबल्यावर करू नये, पाय चालते असतानाच करावी.

जॉर्ज बॅलन्शिनचे उदाहरण यासाठी पाहावे. 1904 साली सेंट पीटर्सबर्गमध्ये जन्मलेल्या या नर्तकाने आपली पहिली रचना 1920 च्या सुमारास, विद्यार्थी असतानाच बसवली. पुढे ‘बॅले रूस’ या बॅलेमंडळीचे संचालक डियागिलेव्ह यांच्याकडे असताना गुडघ्याच्या दुखापतीमुळे त्याचे नाचणे बरेच कमी झाले, परंतु तोपर्यंत रचनेचा हात तयार झालेला असल्याने त्याचे काम अडले नाही. ब्रिटनच्या केनेथ मॅकमिलनची गोष्ट वेगळी आहे. उत्तम नर्तक असूनही रंगमंचावर जाण्याची भीती त्याला इतकी ग्रासत असे, की 1953 पासून तो रचनेकडे वळला, आणि 1965 मध्ये त्याने लंडनच्या रॉयल बॅलेसाठी ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ बसवले. आपल्याकडे कथक नर्तकी कुमुदिनी लाखिया यांनी नर्तक राम गोपाल यांच्या मंडळीबरोबर देशोदेशी नाचल्यानंतर, एकल सादरीकरणासाठी ओळखल्या जाणाऱ्या कथकला समूहरचनेची नवी वाट दाखवली.

पहिली रचना तीन-चार मिनिटांची आणि चार-पाच जणांची असावी, आणि तिच्यात आपण स्वतः नाचू नये. आत उभे राहिले की स्वतःच्या हालचालीपलीकडे काही दिसत नाही, आणि जी हालचाल आपल्या शरीराला सहज जमते तीच सर्वांच्या अंगावर चढवली जाते. बाहेर बसून पाहण्याचा संयम हा या कामातील पहिला रियाज आहे, आणि चांगल्या नर्तकालाच तो अधिक जड जातो.

माणसे कोणती घ्यावीत, हा प्रश्न नाशिकच्या वर्गात हमखास येतो. दहावी-बारावीच्या परीक्षा आल्या की निम्म्या मुली येईनाशा होतात, गणपतीत कोणी ढोलपथकात असते, आणि उरलेल्यांची तयारी एकसारखी नसते. येथे बॅलन्शिनची ‘सेरेनेड’ ही रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. 1934 साली न्यूयॉर्कमध्ये नव्याने सुरू झालेल्या आपल्या शाळेतील विद्यार्थिनींवर त्याने ती बसवली. पहिल्या संध्याकाळी सतरा मुली आल्या, म्हणून आरंभीची मांडणी सतरा जणींची झाली. पुढच्या तालमींना कमी जणी आल्या, तेव्हा तेवढ्यांसाठीच पुढील भाग रचला गेला. एक मुलगी उशिरा आली आणि एक पडली, तर ते येणे आणि ते पडणेही रचनेत राहिले. मात्र यातून ढिलाईची मुभा घेऊ नये. सतरा ही विषम संख्या होती आणि सरळ रांगांत ती नीट बसत नव्हती, म्हणून त्याने तिरक्या रांगांची मांडणी शोधली. म्हणजे अडचण स्वीकारूनही मांडणीचा हिशोब त्याने कडकच ठेवला होता.

संगीत आधी पूर्ण समजून घ्यावे. बॅलन्शिन पियानो शिकलेला होता आणि स्वरलिपी वाचून काम करीत असे. आपल्याला तेवढे येत नसेल, तरी प्रत्येक भागाच्या मात्रा वहीत मांडून ठेवता येतात. बॅलेत सहसा आठ-आठ मोजतात, त्यामुळे तीनतालाच्या सोळा मात्रांचे एक आवर्तन म्हणजे दोन आठ, हे कथकच्या मुलींना सांगितले की त्या चटकन सम धरतात. वॉल्ट्झ हा पाश्चात्त्य नृत्यताल तीन मात्रांचा असल्याने त्याचे दोन भाग दादऱ्याच्या सहा मात्रांत बसतात. मात्र पायाची सवय सांभाळावी लागते : कथकमध्ये पाऊल जमिनीवर जोरात पडते, तर बॅलेत उडीनंतर आधी बोटे, मग चवडा, मग टाच टेकते आणि गुडघा बोटांच्या रेषेत वाकतो. हे अंगवळणी पडेपर्यंत उड्या देऊच नयेत. पॉइंट शूजचा, म्हणजे बोटांच्या टोकावर उभे राहण्यासाठीच्या कडक बुटांचा, विचार तर अनेक वर्षांच्या तयारीशिवाय मनातही आणू नये.

वर्गात बहुधा फरशी किंवा कोबा असतो, आणि त्याखाली लवचीक लाकडी थर नसल्याने प्रत्येक उडीचा धक्का थेट नडगी आणि गुडघ्यापर्यंत जातो. म्हणून तालमीत उड्या नुसत्या चालून दाखवाव्यात आणि पूर्ण जोर शेवटच्या काही तालमींसाठी राखून ठेवावा. ही काळजी खर्चिक नाही, तरीही अनेक वर्गांत ती घेतली जात नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

पहिल्या सादरीकरणासाठी महाकवी कालिदास कलामंदिराचा हट्ट धरू नये. कुसुमाग्रज स्मारकातील सभागृहासारखी लहान जागा पाच जणांच्या रचनेला पुरते आणि प्रेक्षकाला पावलेही जवळून दिसतात. जागा ठरली की रंगमंचाची रुंदी आणि खोली स्वतः टेपने मोजून घ्यावी, वर्गातील फरशीवर खडूने तेवढाच चौकोन आखावा, विंगा कोठे आहेत ते दाखवावे आणि तालीम त्यातच करावी. प्रकाशयोजना करणाऱ्याला आदल्या दिवशी नव्हे, निदान दोन तालमींना बोलवावे.

शेवटची गोष्ट नोंदीची. लाबान किंवा बेनेश या हालचाली चिन्हांनी लिहिण्याच्या लिपी शिकता आल्या तर उत्तमच. नाही तर मात्रा, जागा, दिशा आणि कोण कोणाच्या मागे, एवढे तरी आराखड्यासह लिहून ठेवावे आणि त्यावर तारीख घालावी. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात नृत्यरचना नाट्यकृतीत मोडते, पण ती लिहून किंवा अन्य प्रकारे निश्चित केलेली असावी लागते. त्याच व्याख्येतून चित्रपट वगळलेला असल्याने केवळ मोबाइलवरील चित्रीकरणावर विसंबू नये. संगीताबाबतही जागरूक राहावे : रशियन संगीतकार चायकोव्हस्कीची रचना जुनी असल्याने मुक्त आहे, परंतु आपण वाजवणार ते ध्वनिमुद्रण कोणाच्या तरी मालकीचे असू शकते, त्यामुळे परवानगीचा पत्रव्यवहार सभागृहाची तारीख घेतानाच सुरू करावा. कार्यक्रमपत्रिकेत नाचणाऱ्या प्रत्येकीचे नाव छापावे, आणि परीक्षेमुळे मध्येच थांबलेल्या मुलीवर एखादा भाग रचलेला असेल, तर तिचेही.