लॉनच्या स्प्रिंकलरचं पाणी कमी करायचंय? स्क्रूला हात शेवटी लावा

सोसायटीच्या लॉनवर स्प्रिंकलर सुरू झाले आणि पार्किंगच्या फरशीवर ओघळ दिसला, की पहिला उपाय ठरलेला असतो: नोझलच्या माथ्यावरचा बारीक स्क्रू आवळायचा. ओघळ थांबतो, पण आठ-दहा दिवसांत शेजारच्या स्प्रिंकलरभोवती गवत पिवळं पडतं. मग सगळ्या लॉनची वेळ पाच मिनिटांनी वाढवली जाते आणि आधीपेक्षा जास्त पाणी जातं. स्क्रू आवळण्यात चूक नाही, पण त्याआधीची चार कामं राहून गेलेली असतात.

आधी प्रकार ओळखा

पंख्यासारखा अखंड फवारा तीन ते पाच मीटर जात असेल तर तो स्प्रे. एक जाड धार सावकाश फिरत सहा-सात मीटरच्या पुढे जात असेल तर तो रोटर. हा फरक महत्त्वाचा आहे. स्प्रेचा स्क्रू पाण्याची वाटच अरुंद करतो, म्हणून अंतराबरोबर पाणीही कमी होतं. रोटरचा स्क्रू नुसता धारेच्या आड येऊन ती फोडतो. धार जवळ पडते, पाणी मात्र जवळपास तेवढंच जातं. रोटरचं पाणी खरोखर कमी करायचं तर त्याचं नोझलच लहान घालावं लागतं.

प्रेशर

सगळ्यात जास्त पाणी इथे वाचतं. स्प्रेला साधारण २ किलो (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला २ किलो) प्रेशर पुरतं, रोटरला ३ किलो. चार मजली इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीतून जेमतेम सव्वा ते दीड किलो मिळतं, म्हणून पंप बसवतात आणि मग प्रेशर थेट ४ किलोवर जातं. ते ओळखायला गेज नसलं तरी चालेल. सकाळच्या तिरप्या उन्हात नोझलकडे पाहा. थेंबांऐवजी पांढरं धुकं तरंगताना दिसलं, तर प्रेशर जास्त आहे. ते धुकं गवतावर पडत नाही, वाऱ्याबरोबर जातं.

साडेचार मीटरपर्यंत अर्धवर्तुळात फवारा टाकणारं नोझल २ किलोला मिनिटाला सुमारे ७ लिटर पाणी टाकतं, तेच ४ किलोला पावणेदहा लिटरच्या आसपास. म्हणजे प्रेशर निम्मं केलं की पाणी तीस टक्क्यांनी उतरतं आणि फवाराही सुधारतो.

लॉनच्या त्या भागाला पाणी सोडणाऱ्या वॉल्व्हवर फ्लो कमी-जास्त करायची मूठ असेल तर स्प्रिंकलर चालू ठेवून ती घड्याळाच्या दिशेने पाव-पाव वेढा फिरवा. धुकं गेलं की थांबा. प्रत्येक वेढ्यानंतर सगळ्यात लांबच्या स्प्रिंकलरकडे बघा. तो पूर्ण वर आलेला हवा. अर्धवट बसायला लागला, तर मूठ थोडी उघडा.

साफसफाई

पाणी बंद करा. मधला दांडा वर ओढून एका हाताने घट्ट धरा, कारण सुटला तर स्प्रिंगने आत जातो आणि कचरा घेऊन जातो. स्प्रेचं नोझल उलट फिरवून काढलं की खाली बोटाच्या पेराएवढी जाळीची टोपली असते. बोअरच्या पाण्यावर तिच्यात वाळू आणि पांढरे क्षार भरतात. क्षार असतील तर व्हिनेगरमध्ये अर्धा तास बुडवून जुन्या टूथब्रशने घासा. नोझलच्या फटीत सुई किंवा तार कधीही घालू नका. फट किंचितही मोठी झाली, की ते नोझल कायम जास्त आणि वाकडं पाणी टाकत राहतं.

दिशा आणि पातळी

कललेला स्प्रिंकलर एका बाजूला डबकं करतो आणि दुसऱ्या बाजूला गवत सुकवतो. भोवतीची माती उकरून तो सरळ उभा करा आणि माती दाबून घ्या. मिटलेलं टोपण जमिनीच्या पातळीत हवं. त्यानंतर स्प्रेचा दांडा धरून वळवा आणि फवाऱ्याची कड फरशीच्या कडेशी जुळवा. बहुतेक पॉप-अपमध्ये (पाणी आलं की जमिनीतून वर येणाऱ्या स्प्रिंकलरमध्ये) तो टकटक आवाज करत वळतो. रोटरची एक कड स्थिर असते. ती आधी जुळवा आणि दुसरी कड किल्लीने ठरवा. फरशीवरचे बरेचसे ओघळ एवढ्यानेच बंद होतात.

आता स्क्रू

चपट्या स्क्रूड्रायव्हरने घड्याळाच्या दिशेने पाव वेढा द्या, थोडं थांबून फवारा पाहा. अंतर एक चतुर्थांशापेक्षा जास्त कमी करू नका. साडेचार मीटरचं नोझल साडेतीनच्या खाली नेलं, की पंखा फाटतो आणि मधे कोरडे पट्टे राहतात. आणखी कमी हवं असेल तर तीन मीटरचं नोझल घाला.

एका स्प्रिंकलरचं पाणी शेजारच्या स्प्रिंकलरच्या पायथ्यापर्यंत पोचलंच पाहिजे, कारण प्रत्येकाच्या बुंध्याजवळ स्वतःचं पाणी कमी पडतं आणि ती तूट शेजारी भरून काढतो. स्क्रू आवळल्यावर गवत पिवळं पडतं ते यामुळे.

डबे लावून मोजा

सरळ कडांचे सारख्या मापाचे आठ डबे लॉनवर मांडा, दहा मिनिटं पाणी सोडा आणि पट्टीने खोली मोजा. सरासरी ६ मिलिमीटर आली, तर ताशी ३६. भर उन्हाळ्यात लॉनला दिवसाला ५-६ मिलिमीटर धरा, म्हणजे दहा मिनिटं भरपूर झाली. एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर म्हणजे १ लिटर, त्यामुळे २०० चौरस मीटरच्या लॉनवर एक मिलिमीटर जादा गेला, तर २०० लिटर वाया जातात. एखाद्या डब्यात इतरांच्या निम्मंच पाणी असेल, तर वेळ वाढवू नका, त्या कोपऱ्यातलं नोझल तपासा.

काळ्या मातीत पाणी हळू मुरतं. चार-पाच मिनिटांतच ओघळ सुटत असेल, तर तेवढाच वेळ दोनदा द्या, मधे अर्धा तास ठेवा.

पाणी बंद केल्यावर सगळ्यात खालचा स्प्रिंकलर थोडा वेळ गळला, तर ते पाइपात उरलेलं पाणी असतं. चेक वॉल्व्ह (उरलेलं पाणी पाइपातच अडवणारी झडप) असलेला पॉप-अप बसवला की ते थांबतं. रात्रभर गळत असेल, तर मात्र दोष त्या भागाला पाणी सोडणाऱ्या वॉल्व्हमध्ये आहे. त्याच्या पडद्याखाली बहुधा खडा अडकलेला असतो. तिथे नोझल कितीही आवळलं तरी उपयोग नाही.

शेवटी कंट्रोलरच्या (स्प्रिंकलरची वेळ लावतात त्या डब्याच्या) झाकणाच्या आत प्रत्येक भागाचं नोझल, प्रेशर आणि मिनिटं मार्करने लिहून ठेवा. पुढच्या माळ्याला वेळ वाढवण्याआधी तो आकडा दिसला पाहिजे.