मुलांची निसर्गफेरी: कमी चाला, जास्त पाहा

निसर्गफेरी बहुतेक वेळा फसते ती जास्त चालण्यामुळे. सात-आठ वर्षांच्या मुलांना अर्धा किलोमीटर अंतर आणि तासभर वेळ पुरतो. ऊन नीट पडलं, पण सावल्या अजून लांब आहेत, अशा सकाळी निघा.

सोबत घ्या: भिंग, १ मीटरची सरळ काठी, दर मीटरला गाठ मारलेली १५ मीटर सुतळी, एक ओलं फडकं, कोरी वही आणि शिसपेन्सिल (ओलाव्याने पेनाची शाई पसरते). भिंगातून सूर्याकडे कधीच पाहायचं नाही, हे निघण्याआधीच बजावा.

पानं. प्रत्येकाला खाली पडलेली दहा पानं वेचू द्या आणि त्यांचे गट करायला सांगा. गट कशावरून करायचे ते सांगू नका. आधी रंग सुचतो, मग कडा, मग शिरा. झाडाचं नाव शेवटी सांगा. नाव कळलं की निरखणं थांबतं. एक गफलत हमखास होते: संयुक्त पानाची (एकाच देठावर अनेक छोट्या पात्या असलेल्या पानाची) एक पर्णिका, म्हणजे एक छोटी पाती, उचलून मुलं तिलाच पान समजतात. अशा वेळी फांदीवर पाहायला लावा. पानाचा देठ फांदीला मिळतो तिथे बहुधा बारीक कळी दिसते. पर्णिकेच्या बुडाशी ती नसते.

मुंग्या. फरशीवर किंवा भिंतीवर रांग शोधा. काय होईल ते मुलांकडून वहीत लिहून घ्या आणि मगच रांगेच्या वाटेत चार बोटं रुंदीचा पट्टा ओल्या फडक्याने पुसा. मुंग्या कडेला येऊन घुटमळतात, कारण त्या ज्या गंधाच्या मागावर चालतात तो पुसला गेलेला असतो. हळूहळू रांग पुन्हा जुळते. किती वेळ लागला ते मोजा. मातीवर हा प्रयोग नीट होत नाही, कारण उकरलेल्या मातीचाच अडथळा होतो.

दगडाखाली. हे काम मोठ्यांचं. दगडाची पलीकडची कड काठीने उचला, म्हणजे खालचा जीव आपल्या अंगावर न येता पलीकडे पळतो. पाय मोजा: सहा असतील तर कीटक, आठ असतील तर कोळी किंवा त्याचे भाऊबंद. दगड होता तसा ठेवा; त्याखालची ओल उडाली तर कितीतरी जीव वाळून मरतात.

झाडाची उंची. काठी उभी धरून तिची सावली मोजा. लगेच सुतळीने झाडाची सावली खोडापासून शेंड्याच्या सावलीपर्यंत मोजा. काठीची सावली दीड मीटर आणि झाडाची १२ मीटर असेल, तर १२ ÷ १.५, म्हणजे झाड ८ मीटर उंच. गुणोत्तराचं गणित इथे पुस्तकापेक्षा लवकर उमगतं. दोन गटांना स्वतंत्र मोजू द्या. उत्तरं जुळणार नाहीत, आणि खरी मजा तिथेच आहे. काठी तिरकी होती का, जमीन उताराची होती का, दोन मोजमापांमध्ये बराच वेळ गेला का, हे त्यांचं त्यांनाच शोधू द्या.